पंचायतीचे सुका कचरा केंद्र : पावसाळा धरून काही महिन्यांच्या वापरानंतर

बार्देश तालुक्यातील आमच्या पंचायतीने सुक्या कचऱ्यासाठी शेड उभारल्याला बरीच वर्षे झाली; परंतु घरातला कचरा प्रकारवार वेगळा करून तिथे नियमितपणे पोचवायला आम्ही सुरुवात केली ती गेल्या मे महिन्यात. त्यानंतरचा पावसाळा, चतुर्थी, दिवाळी आणि पाहुण्यांनी घर भरलेला डिसेंबर हे सगळे या व्यवस्थेतून पार पडले असल्याने आता तिच्याविषयी अनुभवाच्या आधारे लिहिता येईल. निष्कर्ष आधीच सांगते. व्यवस्था चालते, खर्च नाममात्र येतो आणि स्वयंपाकघरातला वास पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. मात्र गोव्याच्या हवेत सुका कचरा खरोखर सुका ठेवणे हेच यातले मुख्य काम आहे, आणि घरोघर वाटल्या जाणाऱ्या माहितीपत्रकांत त्याविषयी जेमतेम एखादी ओळ असते.

ज्यांनी अद्याप सुरुवात केलेली नाही त्यांच्यासाठी कचऱ्याचा प्रवास थोडक्यात. आमच्या भागातला ओला कचरा गाडीने साळगावच्या प्रक्रिया प्रकल्पात जातो. 2016 साली हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला 100 टन होती, पुढे ती 250 टनांपर्यंत वाढवण्यात आली. तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, त्यावर वीज आणि उरलेल्या भागाचे खत तयार होते. दक्षिणेकडे काकोड्यालाही असा प्रकल्प आहे. सुका कचरा पंचायतीच्या शेडमध्ये येतो, तिथे कामगार तो पुन्हा निवडतात, ज्याला गिऱ्हाईक आहे तो माल भंगाराच्या व्यापाऱ्याला विकला जातो आणि ज्याला गिऱ्हाईक नाही तो दाबून, गठ्ठे बांधून, गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळामार्फत कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जाळण्यासाठी पाठवला जातो. हा शेवटचा टप्पा लक्षात घेतला की घरी वेगळे करण्याचे प्रयोजन आपोआप कळते. शेडमध्ये आलेली एखादी वस्तू पुन्हा वस्तू होणार की भट्टीतले इंधन होणार, हे बहुतेक वेळा ती आपल्या घरातून कोणत्या अवस्थेत बाहेर पडली यावर ठरते.

घरातली मांडणी अगदी साधी आहे. मागच्या बाल्कनीत तांदळाची तीन रिकामी पोती : एकात कागद व पुठ्ठा, दुसऱ्यात प्लास्टिक, तिसऱ्यात पत्रा, डबे आणि काच. शिवाय धुतलेल्या पिशव्या वाळत घालण्यासाठी एक दोरी व काही चिमटे. बाजारात मिळणारे रंगीत डब्यांचे महागडे संच घेण्याची काहीही गरज नाही, उलट झाकणबंद प्लास्टिकच्या डब्यात ओल धरते आणि पोत्यातून हवा खेळती राहते. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण सुटू न देता पिशवीलाच लटकत ठेवावा, कारण तो बोटभर तुकडा सुटला की निवडणाऱ्याच्या हाती लागत नाही आणि शेवटी गटारात पोचतो. पिशव्या धुण्यासाठी तांदूळ धुतलेले पाणी किंवा भांडी विसळल्यावर उरलेले पाणी पुरते. सुरुवातीला सासूबाईंचा या धुण्याला विरोध होता. "मासळीच्या पिशवीला आंघोळ घालायचीच तेवढी राहिली होती," असे त्या म्हणाल्या, आणि त्या विशिष्ट पिशवीपुरते त्यांचे म्हणणे बरोबरच निघाले. मासळीची पातळ पिशवी कितीही धुतली तरी तिचा वास जात नाही. तिच्यावर इलाज एकच, बाजारात जाताना झाकणाचा स्टीलचा डबा नेणे. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर 31 डिसेंबर 2022 पासून देशभर बंदी आहे. तरीही मासळी बाजारात त्या सर्रास मिळतात, हे गोव्यातल्या कोणालाही सांगायला नको. डबा नेऊ लागल्यापासून आमच्या सुक्या कचऱ्यातली सर्वांत त्रासदायक वस्तू घरात येईनाशी झाली.

खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली. वर्षाला सरासरी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतांश चार महिन्यांत, अशा प्रदेशात वर्तमानपत्राची रद्दी बाल्कनीत आठवडाभर राहिली तरी मऊ पडते, महिनाभर राहिली तर तिला बुरशी धरते. अशी रद्दी हाताला वाळलेली वाटली तरी केंद्रातील कामगारांची फसगत होत नाही. तिथल्या एक वयस्क बाई गठ्ठा नुसता उचलतात, किंचित वरखाली करतात आणि वजनावरून सांगतात की यात पाणी आहे. रद्दीचा व्यापारी ओलाव्यापोटी वजनात कापतो. फारच ओली असेल तर घेतच नाही, आणि मग तोच कागद सिमेंटच्या भट्टीकडच्या गठ्ठ्यात जातो. ओला कागद जाळायलाही फारसा उपयोगी नसतो, कारण भट्टीतली उष्णता आधी त्यातले पाणी उडवण्यात खर्च होते. म्हणजे आपण महिनाभर जपून ठेवलेली रद्दी कोणाच्याच कामाची राहत नाही. यावर आम्ही असे ठरवले की जून ते सप्टेंबर कागद साठवायचाच नाही. पावसाने उसंत दिली की त्या दिवशी जेवढा असेल तेवढा, थोडा का असेना, केंद्रावर द्यायचा. तोपर्यंत तो फ्रिजच्या मागच्या कोरड्या कोपऱ्यात उभा ठेवायचा. पुठ्ठ्याची खोकी उलगडून, चिकटपट्टी काढून सपाट केली तर ओल कमी धरतात. पिझ्झाचे तेलकट खोके मात्र रद्दीत देऊ नये. स्वच्छ झाकण फाडून द्यावे आणि तेलकट तळ खतात टाकावा. दुकानातल्या यंत्रातून निघणारी चकचकीत बिलेही रद्दीत चालत नाहीत, कारण त्या कागदावर रसायनाचा थर असतो.

याच बाबतीत केंद्राविषयी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. शेडला छप्पर आहे, पण पश्चिमेची बाजू उघडी आहे, आणि आपल्याकडचा पाऊस नेमका त्याच बाजूने तिरका येतो. नागरिकांनी वाळवून दिलेला माल तिथे पुन्हा भिजताना पाहिला की चीड येते. ऑगस्टमध्ये कोणीतरी ताडपत्री बांधली, ती वाऱ्याने फाटली, आणि हंगाम संपेपर्यंत तशीच राहिली. एका पत्र्याच्या आडोशाने सुटणारा हा प्रश्न आहे.

प्लास्टिकच्या बाबतीत मी अधिक शिकले ते केंद्रातच. बाटल्या-डब्यांवर त्रिकोणात 1 ते 7 आकडे असतात. 1 म्हणजे पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांचे पेट प्लास्टिक, 2 म्हणजे शॅम्पू-फिनेलच्या जाड बाटल्या, 4 म्हणजे दुधाच्या पिशवीसारखे मऊ प्लास्टिक, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, ज्याचे दही-आइस्क्रीमचे पुष्कळसे डबे बनतात. आकडे पाहून वर्गीकरण करणे सुशिक्षित वाटते खरे, पण पिशव्यांवर बहुधा आकडाच नसतो. केंद्रातल्या त्या वयस्क बाई पिशवी मुठीत चुरगळतात. कुरकुर असा कडक आवाज आला तर ती एका ढिगात, आवाज न करता चुरगळली तर दुसऱ्या ढिगात, आणि आतून चंदेरी असेल तर न चुरगळताच तिसऱ्यात. या चंदेरी पाकिटांमध्ये, म्हणजे वेफर्स, बिस्किटे, मसाले यांच्या वेष्टनांत, प्लास्टिक आणि धातू यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणे परवडत नसल्याने भंगारात त्याला भाव नाही. कचऱ्याचा जो भाग भट्टीकडे जातो त्यात हीच पाकिटे मोठ्या प्रमाणात दिसतात. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने प्लास्टिक वेष्टनाच्या उत्पादकांवर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली असली, तरी ग्राहकाच्या हातात तूर्तास पाकीट रिकामे करून, पुसून देणे एवढेच आहे. टेट्रापॅकची खोकी मात्र वेगळी द्यावीत. त्यांत बहुतांश कागद असतो आणि ती वेगळी गेली तर वापरात येतात. कापून, धुऊन, सपाट करून दिली तर केंद्रवाले खुशीने घेतात.

ओला कचरा आम्ही गाडीला न देता घरीच जिरवतो, तेव्हा त्याविषयीही लिहायला हवे. गोव्यातल्या घरात ओल्या कचऱ्याचा प्रश्न म्हणजे मुख्यतः मासळी आणि नारळ. माशांची डोकी, खवले, सुंगटांची (कोळंबीची) साले खतकुंडीत मधोमध, खोलवर पुरून वरून वाळलेल्या पाल्याचा जाड थर दिला तर वास येत नाही. वरवर टाकली तर शेजारी दुसऱ्या दिवशी दार ठोठावतात आणि मांजरे त्याच्याही आधी येतात. तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांची आणि कुर्ल्यांची (खेकड्यांची) कवचे सहजी कुजत नाहीत. ती कुटून झाडांच्या बुंध्याशी घालावीत. करवंट्या आणि नारळाची सोडणे अखंड टाकू नयेत, पण सोडणाचा काथ्या पिंजून घातला तर पावसाळ्यात कुंडीतले जादा पाणी तो शोषून घेतो. खतासाठी कार्बनचे प्रमाण नायट्रोजनच्या साधारण 25 ते 30 पट असावे लागते, आणि हा कार्बन म्हणजेच वाळलेला पाला. तो जुलैत मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काजूचा, फणसाचा, आंब्याचा पाला अंगणात पडलेला असतो तेव्हाच पोती भरून छपराखाली ठेवावा लागतो. आमच्या संकुलात तो झाडून जाळण्याची पद्धत होती. आता लोक तो मागून घेऊन जातात. कुंडीत करड्या रंगाच्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नये, त्या खत लवकर करतात आणि घरमाश्यांना थारा देत नाहीत.

चतुर्थीत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीचे, काय करायचे हा प्रश्न पडेल असे वाटले होते, पण तो पडला नाही. सुपाऱ्यांचे घोस, रानफळे, तोरींजन, कवंडळे हे सगळे खतात जाते, नारळ आणि केळी घरात संपतात. अडचण होते ती बांधणीची. पूर्वी केवणीच्या सालीचे दोर वापरत, आता नायलॉनची सुतळी आणि तांब्याची बारीक तार वापरतात, आणि ती काढली नाही तर खत चाळताना बोटांना लागते. दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळल्यानंतर चौकाचौकांत उरणारे तारांचे सांगाडे मात्र भंगारअड्डेवाले सकाळच्या आत उचलून नेतात. लोखंडाला भाव असल्याचा हा फायदा.

काचेचे उलट आहे. गोव्यात बाटल्यांना तोटा नाही, पण काच जड, जागा खाणारी आणि वजनाच्या मानाने स्वस्त, त्यामुळे केंद्रावर तिचे ढीग पडून राहतात. बिअरच्या अखंड बाटल्या भंगारअड्ड्यावर देणे उत्तम, कारण त्या धुऊन पुन्हा भरल्या जातात. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वर तसे लिहून द्यावी. चिनी मातीचे कप, आरसे आणि ओव्हनमध्ये चालणारी भांडी काचेत मिसळू नयेत, ती वेगळ्या तापमानाला वितळतात आणि सगळा घाणा बिघडवतात. राज्य सरकारने 2024 साली ठेव-परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. बाटली परत केली की आधी घेतलेली ठेव परत, असे तिचे स्वरूप आहे. काचेच्या बाबतीत तिचा उपयोग सर्वाधिक होईल असे मला वाटते, कारण पैसे परत मिळणार असतील तर किनाऱ्यावर बाटल्या पडून राहणार नाहीत.

या व्यवस्थेतला सर्वांत कच्चा भाग म्हणजे सॅनिटरी पॅड आणि डायपर. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितले होते. सुका कचरा हातांनी निवडला जातो हे माहीत असताना असा नियम का केला असेल, हे कळत नाही. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार धरले आहेत, हे योग्यच झाले. आम्ही आधीपासूनच वेगळी पिशवी करून तिच्यावर लाल पेनाने खूण करत होतो. ती केंद्रात बाजूला ठेवली जाते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, बॅटऱ्या आणि रंगाचे डबे मात्र आमच्या केंद्रात अधूनमधूनच स्वीकारतात, त्यामुळे त्यांची एक पेटी घरी वाढत चालली आहे.

घरोघर फिरणाऱ्या कंत्राटदाराच्या गाडीबद्दल मात्र चांगले लिहिता येत नाही. वेगळा केलेला सुका कचरा त्या गाडीत ओल्यावर टाकला गेल्याचे आमच्या मजल्यावरील तिघांनी पाहिले, पंचायतीला लेखी कळवले, आणि त्यानंतर काही आठवडे गाडी नीट वागली. पुन्हा तेच होऊ लागल्यावर आम्ही सुका कचरा गाडीला देणे बंद करून स्वतः शेडवर नेऊ लागलो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी निदान ओल्या कचऱ्याची बादली आणि सुक्याची पोती एकाच वेळी खाली नेऊ नयेत.

पणजीशी तुलना अपरिहार्य आहे. तिथे 2003 पासून रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवण्यात आल्या, वसाहतींतच निवडणीची आणि खताची ठिकाणे झाली, आणि काही संकुलांत 16 प्रकारांपर्यंत वर्गीकरण होते. माझी बहीण तिथे राहते. तिला कचऱ्यासाठी गाडी काढावी लागत नाही. आमच्याकडे केंद्र सकाळी उघडते आणि दुपारच्या जेवणाआधी बंद होते, म्हणजे नोकरी करणाऱ्याला रविवारखेरीज जाता येत नाही, आणि रविवारी ते बंद असते. शेजारच्या दोन घरांशी पाळी ठरवून आम्ही यातून वाट काढली आहे. जुने कपडे आणि चादरी कुठे द्यायच्या याची सोय मात्र अजून झालेली नाही. केंद्र ते घेत नाही, खतात ते जात नाहीत, आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी सर्वांत आधी धरते. येत्या ग्रामसभेत वेळ वाढवण्याच्या मागणीबरोबर वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरात, कपडे गोळा करण्याची मागणी आम्ही लेखी देणार आहोत, आणि शेडच्या पश्चिमेच्या पत्र्याचा मुद्दा त्यात पहिला आहे.