फळ्यावरचे बाण हलायला लागले: 'अर्थ नलस्कूल'बद्दल

भूगोलाच्या तासाला मी कित्येक वर्षं उष्ण प्रवाहांचे तांबडे आणि थंड प्रवाहांचे निळे बाण काढत आलो. वाऱ्यांचा नकाशा वेगळा, धडाही वेगळा. 'अर्थ नलस्कूल' हे मोफत संकेतस्थळ हाती आल्यापासून मी दोन्ही धडे एकत्रच शिकवतो.

उघडताच पृथ्वीचा गोल आणि त्यावर सरकणाऱ्या वाऱ्याच्या रेघा दिसतात. यादीतून हवेऐवजी समुद्र निवडला की त्याच गोलावर प्रवाह वाहू लागतात. तारीखही मागे नेता येते.

सुरुवात सोमालियाच्या किनाऱ्यापासून करा. जानेवारीत वारा ईशान्येकडून येतो आणि सोमाली प्रवाह दक्षिणेकडे जातो. जुलैत वारा नैऋत्येकडून येतो आणि तोच प्रवाह उलटा फिरून उत्तरेकडे धावतो! मी काढलेला बाण मात्र बारा महिने एकाच दिशेला असायचा. आता समुद्राचं तापमान लावा. जुलैत किनाऱ्यालगत थंड पाण्याचा पट्टा दिसेल. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर जातं. त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. या गार पाण्यावर बाष्पीभवन कमी होतं, आणि लगतचा वाराही मंदावतो. वारा पाण्याला हलवतो हे मुलांना पटकन पटतं. पाणी वाऱ्याला उत्तर देतं, हे मात्र दाखवावंच लागतं.

प्रशांत महासागर त्यानंतर घ्या. विषुववृत्ताजवळ पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे उबदार पाणी पश्चिमेकडे लोटतात, पूर्वेला गार पाणी वर येतं, त्या फरकाने वाऱ्यांना आणखी जोर येतो. हे चक्र हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्येर्क्नेस यांनी १९६९ मध्ये मांडलं. वारे ढिले पडले की तेच चक्र उलटं फिरतं आणि एल निनो, म्हणजे पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, वाढत जातो.

इथे फक्त पृष्ठभागाचे प्रवाह आहेत, खोल समुद्रातले नाहीत. शिवाय पडद्यावर पाणी वाऱ्याइतकंच वेगाने धावल्यासारखं वाटतं. मुलं हमखास फसतात. म्हणून आधी एकाच जागेवर टिचकी मारून दोन्हींचे आकडे वाचायला लावा: जुलैतल्या सोमाली किनाऱ्यावर वारा सेकंदाला १० मीटरच्या पुढे, पाणी फार तर एक-दोन मीटर.