कोल्ड की हॉट: एसबीआर कोणत्या तापमानाला बनवावे?

इमल्शन पद्धतीने, म्हणजे कच्ची द्रव्ये (मोनोमर) साबणाच्या मदतीने पाण्यात विखरून, स्टायरीन-ब्युटाडाईन रबर (एसबीआर) बनवायचे ठरले की पहिला प्रश्न तापमानाचा येतो: 50 अंश सेल्सिअसची जुनी वाट (हॉट) धरावी की 5 अंशांपर्यंत खाली (कोल्ड) उतरावे? मी दोन्ही पद्धतींवर काम केले आहे आणि अखेर कोल्ड पद्धतीकडे वळलो, पण म्हणून हॉट पद्धत टाकाऊ ठरते असे मला मुळीच म्हणायचे नाही.

हॉटचा साधेपणा खरोखर मोहात पाडणारा आहे, कारण अभिक्रिया सुरू करणारे पोटॅशियम परसल्फेट उष्णतेनेच फुटते आणि वेगळी शीतकरण यंत्रणा उभारावी लागत नाही. कोल्डमध्ये तेच परसल्फेट जवळपास निपचित पडते. मग हायड्रोपेरॉक्साइड, फेरस क्षार, लोह धरून ठेवणारे ईडीटीए आणि ते पुन्हा फेरस अवस्थेत आणणारे सल्फॉक्सिलेट असा सगळा लवाजमा सांभाळावा लागतो. त्यातच ऑक्सिजनचा अंश राहून गेला, तर अभिक्रिया सुरू व्हायलाच वेळ घेते. शिवाय मोनोमरचे रबरात रूपांतरण साधारण 60 टक्क्यांवर थांबवतात (हॉटमध्ये 72 च्या आसपास), त्यामुळे न वापरलेले मोनोमर परत मिळवण्याचे काम वाढते.

एवढे असूनही माझा कौल फिरला तो जेलमुळे, म्हणजे रबरात तयार होणाऱ्या न विरघळणाऱ्या भागामुळे. लॅटेक्सचा (रबराचे कण असलेल्या दुधाळ द्रवाचा) नमुना वाळवून, रूपांतरण किती झाले ते कळण्यासाठी घनांश काढेपर्यंत रिॲक्टरमधली अभिक्रिया आपल्यासाठी थांबत नाही. शॉर्टस्टॉप (अभिक्रिया थांबवणारे द्रव्य) घालायला थोडा उशीर झाला, की हॉट रबरातील साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. असे रबर टोल्युईनमध्ये रात्रभर ठेवून सकाळी जाळीवर ओतले, तर न विरघळलेले, फुगलेले पारदर्शक गोळे वर उरतात, आणि मर्कॅप्टनचे (साखळ्यांची लांबी आवरणाऱ्या द्रव्याचे) प्रमाण कितीही काळजीपूर्वक राखले तरी ही धास्ती पुरती जात नाही. कमी तापमानाला शाखा फुटण्याचे प्रमाणच घटते, त्यामुळे कोल्डमध्ये तेवढीच दिरंगाई बहुधा खपून जाते, निदान माझा अनुभव तरी तसा आहे.

चिकटद्रव्यांसाठी शाखायुक्त हॉट रबर आजही उपयोगी पडते, तेव्हा तोच माल करायचा असेल तर माझे म्हणणे बाजूला ठेवावे. टायरच्या ट्रेडसाठी (रस्त्याला टेकणाऱ्या बाहेरच्या थरासाठी) मात्र मी कोल्डच सुचवेन: 1948 च्या सुमारास अमेरिकेत त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले, ते मुख्यतः ट्रेड कमी झिजतो म्हणूनच. साबण शक्यतो पोटॅशियमचा घ्यावा, कारण सोडियमचा थंडीत घट्ट होतो. शून्याखाली जाण्याची घाई मात्र नको, कारण तिथे पाणी गोठू नये म्हणून मिथेनॉलसारखे द्रव्य मिसळावे लागते.