अनुदान की नवोपक्रम केंद्र?

कोल्हापूरच्या एखाद्या कारागिराने गुऱ्हाळासाठी कमी चिपाडांत (रस काढून वाळवलेल्या उसात) काहील, म्हणजे उसाच्या रसाची मोठी कढई, उकळवणारे चुलवाण घडवले, तर त्याला थेट अनुदान द्यावे की नवोपक्रम केंद्राचा आधार? अनुदानाने पहिले चुलवाण उभे राहते. दुसऱ्यासाठी गिऱ्हाईक मात्र त्याचे त्यालाच शोधावे लागते. जागतिक बँकेच्या इन्फोडेव्ह कार्यक्रमातून २०१२ मध्ये नैरोबीत सुरू झालेल्या हवामान नवोपक्रम केंद्राने स्थानिक उद्योजकांना आर्थिक साहाय्यासोबत व्यवसायाचे मार्गदर्शन आणि बाजाराची माहितीही एकाच ठिकाणी मिळवून दिली. आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत धातूचे ओतकाम होते, महाविद्यालयांत मोजमापाची साधने आहेत. पण पाकाचा बुडबुडा पाहून जाळ कमी करायला सांगणारा गुळव्या तिथवर सहसा पोहोचत नाही. म्हणून मला केंद्रच अधिक मोलाचे वाटते, मात्र ते ऐन हंगामात चुलवाणाशेजारी उभे राहून काम करणारे हवे.