आयलीन चँगची 'हाफ अ लाइफलाँग रोमान्स' : स्लो आहे, पण मधेच सोडू नका

ठाणे-वाशी लोकलमध्ये जाता-येता चिनी लेखिका आयलीन चँगची ही कादंबरी वाचली आणि आता ओळखीतल्या सगळ्यांच्या मागे लागलेय की वाचाच. इंग्रजी अनुवाद कॅरन किंग्जबरीचा, पेंग्विनचा. मूळ चिनी कादंबरी 1950-51 मध्ये शांघायच्या एका पेपरात क्रमशः यायची, तेव्हा शेवटी सगळे नव्या, कम्युनिस्ट चीनची उभारणी करायला ईशान्येकडे जातात असं होतं, पुढे अमेरिकेत असताना चँगने ती पुन्हा लिहिली आणि तो शेवट काढूनच टाकला, फार बरं केलं.

गोष्ट 1930 च्या दशकातल्या शांघायची. शीजुन आणि मानझेन एकाच कारखान्यात नोकरीला, दोघांचं जमतं, पण मानझेनवर घर चालतंय. वडील नाहीत, आजी, आई, धाकटी भावंडं, आणि मोठी बहीण मानलू, जिने घरासाठी ठरलेलं लग्न मोडून डान्स हॉलमध्ये काम केलं. त्यामुळे लग्नाचा विषय निघाला की 'थोडं थांबू या', भावंडं मोठी होऊ देत. आपल्याकडे कमावत्या मुलींच्या घरात हे वाक्य किती वेळा ऐकलंय आपण! मला तर तिथेच पुस्तक चिकटलं.

सुरुवातीला बराच वेळ काही म्हणजे काही घडत नाही. तिचा लाल हातमोजा शहराबाहेर फिरताना हरवतो, तर हा काही न बोलता पावसात, अंधारात तो शोधायला परत जातो. नंतर तो तिला अंगठी देतो, ती बोटात सैल होते, मग ती त्याच्याच विरलेल्या स्वेटरची लोकर ओढून अंगठीला गुंडाळते. बस एवढंच, 'आय लव्ह यू' वगैरे भानगड नाही. पण पुढे ही लोकर गुंडाळलेली अंगठी परत येते तेव्हा कळतं की चँगबाईंनी सुरुवातीला इतका वेळ का घेतला, घाईने वाचलं असतं तर ते लागलंच नसतं.

मधला भाग भयंकर आहे, बहिणीच्या घरात जे होतं ते सांगत नाही, पण बाईवरच्या अत्याचाराचं वाचवत नसेल त्यांनी आधीच विचार करावा. आणि शीजुनचा मला राग आला, खरंच आला, एकदा नीट चौकशी केली असती, एकदा तोंड उघडून विचारलं असतं तर! घरचे काय म्हणतील म्हणून तिच्या बहिणीबद्दल खोटं बोलतो, तिथूनच सगळं फिसकटायला लागतं. काही योगायोग जरा जास्तच सोयीचे आहेत, पेपरात रोज छापायची म्हणून असेल. पण मानलू अशी लिहिलीय की तिचा तिरस्कारही धड करता येत नाही.

नावांचा सुरुवातीला गोंधळ होतो, मानलू-मानझेन, शीजुन आणि त्याचा मित्र शुहुई, पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा. हाँगकाँगची दिग्दर्शिका अॅन हुई हिचा 1997 चा सिनेमा पण आहे यावर, तो मात्र पुस्तक झाल्यावरच बघा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.