श्रावण की ड्राय जानेवारी?

महिनाभर दारू बंद ठेवायची तर आपल्याकडे आता दोन मुहूर्त आहेत. श्रावण जुनाच, ड्राय जानेवारी ही ब्रिटनमध्ये 2013 साली सुरू झालेली मोहीम, हळूहळू आपल्या ऑफिसांतही पोचलेली.

मी दोन्ही पाळून पाहिले. श्रावण सोपा, कारण एकट्याला झगडावं लागत नाही. "श्रावण आहे" म्हटलं की पुढे आलेला ग्लास गुपचूप मागे जातो. बसणारे दोस्तही पाळतात, घरी मटण नाही, शनिवारी ताटात अळूचं फदफदं. जानेवारीत मात्र "काय रे, डॉक्टरांनी सांगितलं का?" इथून चौकशी सुरू. त्यात थंडी, हुरडा, लग्नं. आपण सोड्यात लिंबू पिळत बसायचं.

श्रावणाची गोम त्याच्या टोकांना आहे. आधी गटारी, म्हणजे महिन्याची एका रात्रीत; मग अमावास्येकडे डोळे. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, तर आमच्या कट्ट्यावर 'अधिक धरायचा का?' यावर गंभीर खल झाला!

(रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दोन्ही मुहूर्त सोडून आधी डॉक्टर गाठावा. एकदम थांबवल्यास हात थरथरतात, फिटही येऊ शकते.)

माझं मत जानेवारीला. तिथे देवाचा धाक नसतो, म्हणून स्वतःकडे लक्ष जातं. दुसऱ्या आठवड्यात पहाटे तीनला उठून पाणी शोधणं बंद झालं, हे मला श्रावणात कधी जाणवलंच नव्हतं.