ॲम्पसाठी वायर: सीसीए घ्यावी की अस्सल तांब्याची?

गाडीच्या डिकीत ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) बसवायचं ठरलं की बहुतेकांचं घोडं वायरिंग किटपाशी अडतं. एक सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. दुसरी ओएफसी, म्हणजे निखळ तांबं. वरून दोन्ही सारख्याच. शंका आली तर एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ती सीसीए.

सीसीएला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. २००-२५० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा) ॲम्प आणि एकच सबवूफर (बेसचा मोठा स्पीकर) असेल, तर एक माप जाड, म्हणजे ८ गेजऐवजी ४ गेज (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) सीसीए घेतली की काम भागतं आणि पैसेही बरेच वाचतात. फक्त वरच्या प्लॅस्टिकच्या जाडीला भुलू नका. खऱ्या ४ गेजमध्ये सुमारे २१ चौरस मिमी धातू असतो. स्वस्त किटमध्ये प्लॅस्टिकच जाड असतं आणि आत तारा मूठभर.

व्होल्टेजचं म्हणाल, तर ५ मीटर ४ गेज वायरीतून ५० अँपिअर गेले की तांब्यात साधारण ०.२ व्होल्ट पडतात, सीसीएत ०.३ च्या आसपास. एवढ्यावरून मी तरी वायर बदलली नसती.

मला खटकला तो टर्मिनलचा स्क्रू. ॲल्युमिनियम मऊ. स्क्रूच्या दाबाखाली तापत-निवत ते हळूहळू पसरतं आणि कचकून आवळलेला स्क्रू दोन-तीन महिन्यांत पुन्हा पाव फेरा फिरतो. जोड ढिला झाला की तापतो, तापला की आणखी ढिला होतो. त्यात मुंबई-कोकणची दमट हवा: कापलेल्या टोकाशी दोन्ही धातू उघडे असतात, तिथे पांढरी भुकटी धरते. मग बेस जोरात आला की ॲम्प प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, आणि दोष ॲम्पला मिळतो. अर्धा तास गाणी वाजवून, ॲम्प बंद करून टर्मिनलला बोट लावा. सीसीएचा जोड हाताला चांगलाच गरम लागायचा. त्याच जागी तांब्याची वायर लावल्यावर जेमतेम कोमट. मीटरने मोजलेलं नाही, पण माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. तुमचा ॲम्प छोटा असेल तर अनुभव वेगळाही येऊ शकेल.

सीसीएच ठेवायची असेल तर उघड्या तारा थेट स्क्रूखाली देऊ नका. टोकाला लग किंवा फेरूल (धातूची टोपी) नीट क्रिंप करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

बाकीचं काम दोन्हींना सारखंच. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा, कारण तो ॲम्पसाठी नसून वायरीसाठी असतो: पत्र्याला घासून वायर सोलली तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कुणीच वाली नाही. म्हणून इंजिनकडून केबिनमध्ये येताना भोकाला रबरी ग्रोमेट (कडेचं रबरी कडं) हवाच. ॲम्पवर ३०-३० चे दोन फ्यूज असतील तर मुख्य फ्यूज ६० चा पुरे. अर्थची (गाडीच्या पत्र्याला जोडायची) वायर पॉवरच्याच जाडीची आणि शक्यतो अर्ध्या मीटरहून आखूड ठेवा. तिच्याखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा. अर्थसाठी सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नका. आरसीए केबल (स्टिरिओकडून ॲम्पला आवाजाचा सिग्नल नेणारी) पॉवरच्या वायरीपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

तांब्याचं तयार किट महाग वाटत असेल तर इलेक्ट्रिकलच्या दुकानात तांब्याची २५ चौरस मिमीची वेल्डिंग केबल मीटरवर मागा. तिथेही ॲल्युमिनियमची केबल विकतात, तेव्हा टोक खरवडून बघितल्याशिवाय कापायला सांगू नका.