पर्यावरण तंत्रज्ञानाची एमएस्सी: दोन वर्षं काढल्यावर

रसायनशास्त्रात बीएस्सी झाल्यावर डेटा सायन्स की पर्यावरण तंत्रज्ञान, यावर महिनाभर घोळ घातला आणि दुसरं घेतलं. आता पदवी हातात आहे.

सगळ्यात जमेची बाजू म्हणजे प्रयोगशाळा. पहिल्याच सत्रात सांडपाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात ते, काढायला लावली. 300 मिलीची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही, मग 20 अंशांना 5 दिवस अंधारात ठेवायची. शेवटी टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब रसायन घालून उरलेला ऑक्सिजन मोजणं. स्टार्चने निळं झालेलं पाणी थायोसल्फेटच्या एका थेंबासरशी नितळ होतं, तो क्षण मला अजूनही आवडतो. माझ्या पहिल्या तिन्ही बाटल्यांत मात्र ऑक्सिजन उरलाच नव्हता, कारण नमुना पुरेसा पातळ केला नव्हता. पाच दिवस पाण्यात गेले. सीओडी, म्हणजे घाण जंतूंऐवजी रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, त्याच दिवशी हाती येते, तर आधी ती काढून मग किती पातळ करायचं ते ठरवावं, हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते बसलंच.

खटकलं ते मॉडेलिंग आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं. प्रत्यक्षात एकच पेपर, तोही बराचसा फळ्यावर. सेंटिनेल-2 ची 10 मीटर रिझोल्युशनची उपग्रह छायाचित्रं फुकट मिळतात, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. त्यावर तळ्यातली जलपर्णी मोजायला मी घरी बसून शिकले. मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले, म्हणून याचा राग अजून गेलेला नाही.

पदवीच्या नावाकडेही नीट बघा. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या डिझाइनचं काम करायचं असेल तर जाहिरातीत बहुतेक वेळा अभियांत्रिकीची पदवी मागतात, तिथे एमएस्सी कमी पडते. नमुने घेणं, तपासणी, अहवाल यांत रस असेल तर हा अभ्यासक्रम मी बिनदिक्कत सुचवेन. गणिताचा कंटाळा म्हणून इकडे वळू नका. संख्याशास्त्र इथेही सुटत नाही.

प्रवेशाआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून वेळापत्रक मागा. आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, आणि यंत्राला हात कोण लावतं, तेही विचारा. आमच्याकडे जड धातू मोजायचं अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनचं यंत्र होतं. दोन वर्षांत मी ते काचेपलीकडूनच पाहिलं.